खिडकीच्या घामाची मिसल

माझी बायको आणि मी यांच्यामध्ये एकूण दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे युसूफ वडगाव ते आमचा कसबा हे अंतर, आणि दुसरी म्हणजे माझ्या सासऱ्यांचा उजवा तळहात. अंतर बैलगाडीनं तुटत होतं. तळहाताचं तसं नव्हतं.

सासरे भगवानराव हे वडगावातले मोठे जमीनदार. त्यांनी थोरल्या मुलीला एका ओलीच्या घरात दिलं, आणि ती पहिल्याच पावसाळ्यात खोकायला लागली ती संक्रांतीला थांबली, कायमचीच. तेव्हापासून ते कोणाच्याही घरी गेले की रामराम घालायच्या आधी भिंतीला तळहात लावत. हात कोरडा निघाला तर बसत, नाहीतर उभ्यानंच पाणी पिऊन परत फिरत. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत मी ताराबाईला पाच वेळा पाहिलं, त्यातल्या तीन वेळा पाठमोरी. धाकटी मुलगी पाठवण्याबद्दल भगवानरावांचं म्हणणं अगदी साधं होतं.

"जावईबापू, एक खोली दाखवा. येगळी आन् कोरडी. रथसप्तमीला म्या येतो, तारा संगं असंल. हात कोरडा निगाला तर पोर तुमची. न्हाई निगाला तर गाडी सोडायची बी न्हाई, तशीच माघारी."

आमच्या कसब्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्या कचेरीबद्दल लिहिणार आहे ती अजून तिथंच आहे, आणि मला तिथंच पगार मिळतो. बालाघाटाच्या माथ्यावरचं गाव, हवा कोरडी, थंडी मात्र अशी की सकाळी बैलसुद्धा उठायच्या आधी विचार करतात. घरात आई, थोरले बंधू, वहिनी आणि त्यांची मुलं मिळून नऊ माणसं, खोल्या दोन. माझी झोपायची जागा पाट्या-वरवंट्याच्या शेजारी होती. तिथं बायको आणली असती तर वरवंट्याला दुसरीकडे हलवावं लागलं असतं, आणि आईचा त्याला विरोध होता.

राहता राहिला माळा. स्वयंपाकघराच्या बरोबर वर, माळवदाच्या खाली, लाकडी फळ्यांचा. तिथं कांदे, गोवऱ्या, एक मोडका पाळणा आणि माझ्या आजोबांनी कधीकाळी पकडलेल्या घोरपडीची कातडी एवढा ऐवज होता. मी आठ दिवस खपून तो सगळा खाली आणला. कातडी वहिनीनं दारातच फेकली. मग भिंती सारवल्या, जिना केला, आणि खोलीत उभं राहून पाहिलं तर काहीच दिसेना. अंधार. मोठ्या घरची मुलगी अंधारात आणायची म्हणजे तिला आपण आणली आहे हे कळणार कसं?

त्याच सुमारास अंबाजोगाईच्या छावणीतला एका साहेबाचा रिकामा बंगला मोडीत निघाला. दारं-खिडक्यांचा लिलाव होता. मी गेलो आणि एक काचेची खिडकी घेऊन आलो. सहा तावदानं, पितळी कडी. आमच्या कसब्यात तोवर काच म्हणजे कंदिलाला किंवा बांगडीला. घराला काच लावलेली कोणी पाहिली नव्हती. गाडीवर उभी बांधलेली ती खिडकी वेशीतून आत आली तेव्हा मागून माणसं चालत होती, आणि दोन म्हाताऱ्यांनी आरसा समजून तिला हात जोडले.

मुंजाजी सुतारानं ती भिंतीत बसवली. माळ्यावर उजेड आला. मी खिडकी उघडून, छाती भरून श्वास घेऊन बाहेर पाहिलं. खाली कडूबाई पाहत होती.

कडूबाई म्हणजे आमची पाठीमागची शेजारीण. वय साठीच्या पुढं, एकटी, आवाज मात्र भरल्या घराचा. तिच्या अंगणात पाहण्यासारख्या तीन गोष्टी होत्या: एक शेळी, एक कडब्याच्या आडोशाची न्हाणी, आणि स्वतः कडूबाई. मी शपथेवर सांगतो की मी फक्त हवा पाहत होतो.

"कावून बे राधाकिशन," ती खालून ओरडली, "रांडमुंड बाईच्या न्हाणीवर टेहळणी लावतूस व्हय? तुझ्या मायला सांगू का कचेरीत सांगू?"

आईला सांगितलं असतं तर एका वेळच्या जेवणात मिटलं असतं. तिनं कचेरीत सांगितलं.

आता कचेरीत मी नक्कलनवीस. म्हणजे साहेब लोक बोलतील ते आणि पेशकार साहेब खरडतील ते, सुवाच्य अक्षरात उतरवून काढणं हे माझं काम. पेशकार साहेब हा माणूस दिलाचा चांगला, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा हुकूम काढल्याशिवाय अन्न पचत नसे. त्यांनी कडूबाईची अर्जी ऐकली, पान लावलं, आणि माझ्याकडे न पाहता सांगितलं, "लिखो मुन्शीजी. मुसम्मी राधाकिशनकू खिडकी रखने की इजाजत हय. खोलने की नहीं." मी लिहिलं. स्वतःला ताकीद देणारा हुकूम मी इतक्या वळणदार अक्षरात लिहिला की पेशकार साहेबांनी तो दोनदा हातात धरून पाहिला. त्या दिवशी संध्याकाळी चपराशी घरी आला आणि माझ्या पितळी कडीवर लाखेची मोहोर लावून गेला. खिडकी आता सरकारजमा नव्हती, पण उघडण्यापुरती सरकारची होती.

असो, म्हटलं. उजेड तर येतो. ताराबाई उजेडात बसेल, हवा काय, हवा जिन्यातूनही येते.

मग थंडी पडली. कचेरीच्या पंचांगातल्या इस्फंदार महिन्याच्या (आपला पौष) पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी नव्या खोलीत झोपून उठलो, आणि पाहतो तर साही तावदानं पाण्यानं डबडबलेली. थेंब वरून निघत, वाटेत दुसऱ्याला घेत आणि खाली चौकटीवर येऊन बसत. चौकटीवरून भिंतीवर. भिंतीवर एक ओली पट्टी तयार झाली होती, बरोबर एका माणसाच्या तळहाताच्या उंचीवर. रथसप्तमीला सोळा दिवस होते.

मी धोतराच्या सोग्यानं पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. मी खाली तांब्या लावला. तिसऱ्या दिवशी तांब्या निम्मा भरला, आणि खोटं कशाला बोलू, मला जरासा अभिमानही वाटला. विहिरीला पाणी लागलं की माणसं नारळ फोडतात. माझ्या तर दुसऱ्या मजल्यावर लागलं होतं.

आई वर आली, तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "घर रडतंय रे बाबा! पहिल्या सुनंच्या टायमाला असं न्हवतं."

"पहिल्या सुनेच्या वेळी काच नव्हती, आई."

"म्हून तर!" आई म्हणाली.

बातमी गावात पसरली. सकाळी लोक पाहायला येऊ लागले. माळ्यावर दाटीनं बसत, तंबाखू मळत, आणि काचेकडे पाहत सल्ले देत. त्यांचे श्वास, त्यांची घोंगडी, आईनं खालून पाठवलेला गरम गुळाचा काढा, सगळं त्या बंद खोलीत साचत असे. दहा माणसं बसली की पाणी वाढे. पाणी वाढलं की आणखी चार माणसं बोलावली जात. हे कारण-कार्य त्या वेळी माझ्यासकट कोणाच्याही लक्षात आलं नाही. आम्ही सगळे फार गंभीर होतो.

पहिला सल्ला मुंजाजीचा. त्यानं खिडकीच्या कडेनं बोट फिरवलं, वास घेतला, आणि वैद्यानं नाडी पाहून बोलावं तसं बोलला, "ह्ये दहिवर हाय. भाईरून आत येतंय. फटी हायेत ना? फटी बुजवा, दहिवर जातंय कुटं!"

पटलं. आम्ही दोघांनी दिवसभर बसून चौकटीची एकेक फट काळ्या मातीनं आणि शेणानं बुजवली. जिन्याच्या तोंडाला झडप केली. माळवदाला धूर जायला एक भोक होतं तेही लिंपलं. संध्याकाळी खोली अशी झाली की आत बोललेला शब्द दुसऱ्या दिवशीही तिथंच सापडला असता. सकाळी तांब्या काठोकाठ भरला होता आणि जमिनीवर सांडला होता.

"दहिवर लई जिद्दीचं हाय," मुंजाजी म्हणाला.

दुसरा सल्ला सटवा धनगराचा. सटवाचं म्हणणं, काचेला थंडी वाजते म्हणून ती रडते. तिला पांघरूण घाला. त्यानं आपली एक घोंगडी प्रेमानं आणून दिली. आम्ही ती खिडकीवर टांगली. तीन दिवसांत घोंगडीनं पाणी पिऊन मेंढी असतानाचं सगळं आठवून घेतलं. तो वास जिन्यानं उतरून स्वयंपाकघरात गेला, आणि वहिनीनं मला जेवायला ओसरीवर ताट दिलं. सटवा घोंगडी परत न्यायला आला तेव्हा नाकाला हात लावून म्हणाला, "माजीच हाय का ही?"

तिसरा सल्ला सगळ्यांचा मिळून होता: शेगडी. गरम झालं की वाळेल. मी ओल्या बाभळीच्या निखाऱ्यांची शेगडी ठेवली, तिच्यावर आईनं 'उगंच जळतीय' म्हणून पाण्याचं भगुणं ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत काचेवरून पाणी थेंबानं नव्हे, धारेनं उतरायला लागलं. खोलीत वाफ एवढी की समोर बसलेले बंधू भारतराव मला फक्त खोकण्यावरून ओळखू येत होते.

रथसप्तमीला पाच दिवस राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की खिडकी उघडून पाहावी. एवढा साधा विचार यायला मला अकरा दिवस लागले, कारण उघडायची नाही हे मी स्वतःच इतक्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

मी अर्जी लिहिली, रिवाजाप्रमाणे स्वतःला 'फिदवी', म्हणजे आज्ञाधारक सेवक, म्हणवून. 'फिदवी राधाकिशनच्या खिडकीस घाम येत असल्यानं ती दिवसातून दोन घटका उघडण्याची परवानगी व्हावी.' अर्जी आवक-मेजावर मीच घेतली, मीच नोंदवली, मीच पेशकार साहेबांसमोर ठेवली. साहेबांनी दोन दिवस ती उलटसुलट पाहिली. मिसल म्हणजे प्रकरणाचे कागद, आणि त्यांच्या नोकरीत घामाची ही पहिलीच मिसल होती.

"काच कू पसीना कायकू आता जी?" त्यांनी विचारलं.

"तेच कळत नाही, साहेब."

"तो मौका देखना पडेंगा." त्यांनी जागेच्या पाहणीची तारीख घातली. ती तारीख आपल्या पंचांगात पाहिली तर रथसप्तमी निघाली. मी तारीख बदलून मागितली. साहेब म्हणाले, त्यासाठी वेगळी अर्जी लागेल, आणि तिचा निकाल लागेपर्यंत पहिली तारीख कायम धरावी.

रथसप्तमीच्या सकाळी मी पहाटे उठून काच पुसली, भिंत पुसली, भिंतीवर राख चोळली. मग खाली चूल पेटली. दोन प्रहर व्हायच्या आत पेशकार साहेब आले, चपराशी आला, पंच म्हणून मुंजाजी आणि सटवा आले, फिर्यादी म्हणून कडूबाई आली, आणि ती एकटी कशाला म्हणून आई आली. एवढी माणसं माझ्या माळ्यावर बसली असताना खाली बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. मी झडपेतून पाहिलं. भगवानराव गाडीतून उतरत होते. त्यांच्या मागं हिरव्या लुगड्यातली ताराबाई, काखेत बोचकं. गाडीवानाला त्यांनी हातानंच खूण केली: बैल सोडू नकोस.

भगवानराव वर आले. ताराबाई वर आली. खोलीत आता नऊ माणसं होती आणि झडप चपराशानं शिस्तीत लावून घेतली. काच माझ्या डोळ्यांदेखत पांढरी झाली, मग ओली झाली, मग वाहायला लागली. राखेचा चिखल होऊन भिंतीवरून उतरला. जन्मात इतक्या माणसांनी एकदम माझा अपमान पाहिलेला नव्हता.

पेशकार साहेब खिडकीपाशी गेले, काचेला नाक लावून बाहेर पाहिलं. काही दिसलं नाही. त्यांनी चपराशाला कडूबाईच्या अंगणात पाठवलं.

"दिखता क्या अंदर का?" साहेब ओरडले.

"नहीं हुजूर!" खालून उत्तर आलं. "पूरा धुक्का हय!"

साहेबांनी कडूबाईकडे पाहिलं. "अम्मा, पानी रहता जब तक पर्दा हय तुम्हारा. पानी गया तो पर्दा गया. अब बोलो, खिडकी खोलना?"

कडूबाईनं विचार केला. "न्हाई बाबा. पाणी ऱ्हाऊ द्या. लई झ्याक पडदा हाय. कापडाचा असता तर उंदरानं खाल्ला असता."

"लिखो मुन्शीजी," पेशकार साहेब म्हणाले, आणि मी बोरू उचलला. अर्जी नामंजूर. सबब, काचेवरील घाम हा पर्दानशिनीच्या कामी आवश्यक असल्यानं कायम ठेवण्यात यावा. अर्जदारानं तो पुसू नये, वाळवू नये. दर माहे पहिल्या तारखेस चपराशानं फिर्यादीच्या अंगणातून पाहणी-मुआयना करून घाम जागेवर असल्याचा शेरा मारावा. मी लिहीत होतो आणि माझ्या पाठीमागं, मला न पाहताही कळत होतं, भगवानराव उजवा हात पुढं करून भिंतीकडे निघाले होते.

त्यांनी तळहात भिंतीला लावला. काढला. पाहिला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"जावईबापू," ते हळू आवाजात म्हणाले, "ही ओल हाय."

"हाय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"आन् ती मिटवायची न्हाई असं ह्यो सायेब म्हणतोय?"

"पुसायची सुद्धा नाही, मामा. हुकूम झाला."

"मोहोर लागंल हुकमावर?"

"लागेल."

भगवानरावांनी पुन्हा हाताकडं पाहिलं, पण आता वेगळ्या नजरेनं. हा माणूस वडगावात दोन पाटलांना जुमानत नसे, पण मोहोर लागलेला कागद पाहिला की पागोटं सावरत असे. त्यांच्या साऱ्या गावात, साऱ्या भावकीत, ओल सगळ्यांच्या घरी होती. पण ती आपली गरिबाची, खासगी. मोहोरेची ओल कोणाच्या जावयाकडे होती?

"म्हंजी ही सरकारी हाय," ते म्हणाले. मग लेकीकडं वळले. "तारे, थोरलीचं तू पाह्यलंच. सरकारी असू दे न्हाईतर देवाची असू दे, पाणी ते पाणीच. तू म्हणशील तर गाडी उभी हाय. ऱ्हाशील का इथं?"

पेशकार साहेबांनी पान चघळायचं थांबवलं. ताराबाईनं पदराच्या आतून खिडकी पाहिली, फळ्यांमधून वर येणारी चुलीची वाफ पाहिली, बुजवलेलं धुराचं भोक पाहिलं, मग थोडा वेळ मला पाहिलं. तीन वेळा पाठमोरी आणि दोन वेळा घाईत पाहिलेली बायको अशी समोर उभी राहून आपल्याकडे पाहते तेव्हा माणसानं तोंड कसं ठेवायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. माझ्या नाकावरून राखेचं पाणी ओघळत होतं.

"ऱ्हाते आबा," ती म्हणाली. "सोडा बैल."

आणि तिनं बोचकं खाली ठेवलं. ओल्या बाजूला नव्हे, नीट पाहून कोरड्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी भगवानराव गेले. गाडी वळणाआड होते न होते तोच ताराबाईनं पदर खोचला आणि आईकडून विळा मागून आणला.

"अवो, तुमच्याकडं गरम भाकरीवर ताट झाकतेत का न्हाई?"

"झाकतात की."

"ताट काढल्यावर आतून काय असतंय?"

मी विचार केला. मी आयुष्यात कधी ताट काढलं नव्हतं. मला भाकरी काढलेलीच मिळत असे. "काय असतंय?"

"पाणी!" ती म्हणाली. "खाली चूल, वर तुमी ताट घातलंय. आन् भाकरी म्हणून स्वतः बसलाव आत." तिनं धुराचं भोक मोकळं केलं, झडप काढून जिन्याखाली ठेवली, आणि विळ्याच्या टोकानं वरच्या कोपऱ्यातलं एक तावदान अलगद सोडवून माझ्या हातात दिलं.

"अगं, खिडकी उघडायची नाही असा हुकूम आहे!"

"मोहोरेला हात तरी लावला का म्या? खिडकी लावल्यालीच हाय. ह्ये तर नुस्तं तावदान हाय."

मी नक्कलनवीस माणूस. मी हुकूम आठवून पाहिला, शब्द न् शब्द. तिचं बरोबर होतं.

चार दिवसांत काच वाळली, आठ दिवसांत भिंत. रिकाम्या तावदानातून वारा येई, आणि वाऱ्याबरोबर कडूबाई. दोघींचं त्या चौकोनातून असं जमलं की तिकडून शेळीचं दूध वर चढे आणि इकडून आमच्या घरातल्या बातम्या खाली उतरत. "न्हाणी काय, बघ की कितीबी," कडूबाई मला म्हणे, "सूनबाई हाय आता वर. तुझं काय भ्या?" माझ्या चारित्र्याबद्दल एवढा सपशेल निर्वाळा मला कचेरीनंही कधी दिला नव्हता.

फक्त एक राहिलं. इस्फंदार संपून फरवर्दीची पहिली तारीख आली, आणि ते मला सकाळी कचेरीत निघता निघता आठवलं. चपराशी आज मुआयन्याला येणार होता, आणि खिडकीवर सरकारी घामाचा एक थेंब नव्हता. घाम वाळवला म्हणून माझ्यावरच मिसल, ती मीच लिहायची, आणि वळणदार.

मी धावत माळ्यावर आलो. ताराबाईनं सुटं तावदान आधीच जागेवर बसवलं होतं आणि ती काचेसमोर गुडघ्यावर बसून तोंड उघडून 'हाऽ' करत होती. एक तावदान पांढरं झालं.

"बघता काय?" ती म्हणाली. "बसा. खालची तीन तुमची."

मी कोट काढला आणि बसलो. आम्ही दोघं, लग्नाला सव्वादोन वर्षं झालेली, शेजारी शेजारी गुडघे टेकून, सरकारी कामासाठी श्वास सोडत होतो. ती एक तावदान भरी, तोवर माझं आधीचं वाळे. मला हसू आलं की तिला येई, आणि हसताना फुंकर बाहेर पडे ती काचेला उपयोगाची नसे. गल्लीच्या तोंडाशी चपराशाच्या वहाणा वाजल्या तेव्हा आमच्या दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तावदान अजून एक बाकी होतं.

तेवढ्यात खालून, फिर्यादीच्या अंगणातून, फिर्यादीचाच आवाज आला.

"राधाकिशनऽ, आरं डाव्या अंगाचं कोरडंच ऱ्हायलंय की! चपराशी आला ना कोपऱ्यावर! ताराबाई, तू लाग बाय त्याला, त्या बाबाचा दम संपला. तवर म्या चपराशाला शेळी धरायला लावते!"